माझ्या पाठीतली बानाबाईची दाढ

मित्रांनो, पेटी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं भजनातली बाजाची पेटी येईल, नाहीतर पलंगाखाली सरकवलेली लोखंडी ट्रंक. मी त्या दोन्हींतली नाही. मी उजेडाची पेटी आहे, आता बरीच जुनी झालेली. पत्र्याची चौकोनी काया, पुढं दुधी प्लॅस्टिकची पाटी आणि पोटात ट्यूबलाइट. बटण दाबलं की माझं तोंड पांढरंफेक उजळतं. मग वरच्या चिमट्यात एक्स-रेची फिल्म अडकवायची, की माणसाच्या हाडात काय चाललंय ते सगळं उघड्यावर येतं. दवाखान्यात मला व्ह्यू बॉक्स म्हणतात. आवडाबाई मात्र मला उजेडपेटी म्हणायच्या आणि मला तेच नाव आवडतं. या आवडाबाई कोण, ते पुढं येईलच. जरा दम धरा.

एक आधीच सांगून ठेवते. मी थोडी मानी आहे आणि थोडी कुरकुरी आहे. कुरकुर माझ्या ट्यूबच्या चोकची, पेटल्यावर जरा वेळ घूं घूं करतो. मान मात्र माझा स्वतःचा.

माझा जन्म चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका बारक्या शेडमधला. तेव्हा या शहराला औरंगाबाद म्हणत आणि ते दिवसच कारखान्यांचे होते. चिकलठाण्यात जागा पुरेना म्हणून वाळूजच्या माळावर नवी वसाहत उठत होती. सकाळच्या भोंग्याला जालना रस्ता सायकलींनी भरून जायचा. कालपर्यंत औत हाकणारी, मेंढरं वळणारी माणसं डबा बांधून मशीनवर उभी राहत होती. त्यातलाच एक त्रिंबक. मेंढपाळाच्या घरातला, मुकुंदवाडी स्टेशनजवळ एका खोलीत बायकोला घेऊन राहणारा. बायकोचं नाव बानाबाई. तिनं येताना गावाकडून दोन शेळ्या आणल्या होत्या आणि त्या तिनं खोलीच्या मागं बांधल्या होत्या. नवऱ्यानं मेंढरं सोडली असतील, तिनं शेरडं सोडली नव्हती.

त्रिंबकच्या शेडमध्ये कारखान्यांसाठी पत्र्याच्या पेट्या बनत. एकदा क्रांती चौकात नवा दवाखाना टाकलेल्या दातांच्या डॉक्टरीणबाई तिथं आल्या. द्वारकाबाई त्यांचं नाव. गंगथडीच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बागायतदाराच्या घरातल्या, पण शिकून आलेल्या. मुंबईहून मागवलेली पेटी वाटेतच फुटून आली म्हणून त्या वैतागल्या होत्या.

"उजेड सगळीकडं सारखा पडला पाहिजे," त्या म्हणाल्या. "कुठं कमी, कुठं जास्त झाला तर मला चांगला दात किडका दिसेल."

त्रिंबकनं ते मनावर घेतलं. माझ्या पोटाला आतून पांढरा रंग दिला, वाळवला, पुन्हा दिला. ट्यूब पाटीपासून किती लांब ठेवायची हे ठरवायला तो दिवसभर खालीवर करत बसला. शेवटी कोपरे दुमडले आणि उजव्या खालच्या कोपऱ्यावर कातरीनं एक बारीक खाच मारली. मेंढरांच्या कानाला ज्याची त्याची खूण असते ना, अगदी तशी.

"हे काय रं?" शेडमालकानं विचारलं.

"खूण हाय मालक. हरवली तर वळखू येईल."

"पेटी काय चरायला जाणार हाय का?"

सगळी शेड हसली. पण मला त्या खाचेचा लई अभिमान वाटला. कारखान्यातून निघणाऱ्या वस्तूंना नंबर असतात. मला खूण होती. मग त्यानं मला घोंगडीत गुंडाळलं, सायकलच्या कॅरिअरला बांधलं आणि क्रांती चौकातल्या दवाखान्यात आणून भिंतीवर टांगलं. घोंगडीचा तो वास कितीतरी दिवस माझ्या पत्र्याला होता.

मित्रांनो, माझी कामाची वर्षं फार सुखाची गेली. दाताचं कवच फिल्मवर पांढरं दिसतं, हाड जाळीदार राखाडी दिसतं आणि जिथं कीड लागली असेल तिथं काळा डाग. द्वारकाबाई चष्मा कपाळावर सारून माझ्याजवळ यायच्या, नाक टेकेल इतक्या. एक दात, दुसरा दात, असं मुळापर्यंत बघत जायच्या. घाईघाईत बघताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. आणि पेशंटला त्या माझ्यासमोर उभं करून सांगायच्या, "बघा, हे तुमचं घर आणि इथं घुसलाय चोर." घाबरलेली पोरंसुद्धा मग चोर बघायला पुढं सरकायची.

आता आवडाबाई. त्या द्वारकाबाईंच्या मदतनीस. अंधाऱ्या खोलीत फिल्म धुवायच्या, वाळवायच्या आणि रोज सकाळी ओल्या फडक्यानं माझं तोंड पुसायच्या. दवाखान्यात एक पद्धत त्यांनीच पाडली होती. ज्याचा इलाज पुरा झाला, त्याची फिल्म पाकिटात घालून त्याच्या हवाली. पण दुखायचं थांबलं म्हणून जो अर्ध्यातून गायब झाला, त्याची फिल्म माझ्या पाठीमागच्या फटीत खोचायची. "ही आपली अर्धी माणसं," त्या म्हणायच्या. "पुरी होईस्तोवर ती या पेटीच्या पाठीवर." दर शनिवारी त्या फिल्म काढून बघायच्या आणि त्या गावाला जाणाऱ्या एखाद्या पेशंटबरोबर निरोप धाडायच्या, की बाबा, तुझी दाढ आमच्याकडं राहिलीय. बहुतेक जण हसत हसत परत यायचे.

क्रांती चौकातली भिंत म्हणजे साधी गोष्ट नव्हती. या शहरात जे काही व्हायचं, ते माझ्या खिडकीखालून जायचं. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यावं म्हणून माझ्या जन्माच्याही आधीपासून झगडा चालला होता. मोर्चे निघायचे, घोषणा उठायच्या, शटरं धडाधड खाली यायची. खेड्यांत घरं जळली होती, माणसं गेली होती. आवडाबाईंच्या माहेरच्या वस्तीवरही तो काळ कोसळला होता. मोर्चा असला की त्या माझं तोंड पुसून, पदर खोचून, "बाई, मी जाऊन येते," म्हणायच्या आणि खाली उतरून गर्दीत मिसळायच्या. द्वारकाबाईंच्या नात्यातले लोक कधीमधी दवाखान्यात बसून म्हणायचे, "आता शांत आहे ना सगळं, मग कशाला उकरायचं?" द्वारकाबाई त्यावर काही बोलत नसत. एकदा मात्र म्हणाल्या, "दादा, शांत आहे की नाही ते ज्याला लागलंय त्याला विचारावं." दादा चहा पिऊन गेले, पुन्हा तो विषय त्यांनी इथं काढला नाही.

त्याच झगड्याच्या शेवटच्या हिवाळ्यात बानाबाई गाल धरून दवाखान्यात आली. तोपर्यंत त्रिंबकच्या संसाराला बरीच वर्षं झाली होती. उजवीकडची खालची दाढ तिला बसू देत नव्हती, उठू देत नव्हती. आवडाबाईंनी फिल्म धुऊन माझ्यावर अडकवली. दाढेत खोल काळा खड्डा, पार नसेच्या उंबऱ्यापर्यंत. खालचं हाड मात्र स्वच्छ होतं. ते मी नीट पाहिलं, द्वारकाबाईंनीही पाहिलं.

"नस अजून जिवंत आहे असं धरू," त्या म्हणाल्या. "कीड काढते, औषध ठेवून वरून चांदी भरते. आठ दिवसांनी या. नस वाचली नाही तर मुळापर्यंत साफ करावं लागेल. नुसती चांदी बघून घरी बसू नका."

आठवा दिवस आला तो बंद घेऊन. रिक्षा नाही, बस नाही, चौकात पोलीस. इकडं बानाबाईचा ठणका वाढलेला. अशात मुकुंदवाडीत दाढेचा किडा काढणारी एक बाई आली. तुम्ही कधी पाहिलं नसेल म्हणून सांगते. निखाऱ्यावर रिंगणीच्या बिया टाकायच्या, वर मडकं उपडं घालायचं, मडक्याला नळी लावून धूर दाढेवर घ्यायचा आणि पाण्यानं भरलेल्या परातीवर तोंड वाकवायचं. बानाबाईनं तसं केलं. परातीत पांढरे बारीक किडे तरंगताना तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. दुसऱ्या दिवशी ठणका साफ थांबला.

बंद उठल्यावर त्रिंबक एकटाच आला. "बाई, आता कायच दुखत नाय तिला. किडा पडला."

द्वारकाबाईंनी कपाळाला हात लावला. "अरे, रिंगणीच्या बिया भाजल्या की तडकतात. आतला पांढरा कोंब उडतो आणि पाण्यात पडतो. तोच तुमचा किडा. आणि दुखायचं थांबलं ते नस मेली म्हणून थांबलं असेल. तिला घेऊन ये."

"सांगतो," त्रिंबक म्हणाला. त्यानं सांगितलंही. पण ज्या दाढेचा किडा आपण डोळ्यांनी पाहिला, ती दाढ दाखवायला कोण जातं? बानाबाई आली नाही. आवडाबाईंनी तिची फिल्म माझ्या पाठीत खोचली.

थोड्याच दिवसांनी संक्रांतीला विद्यापीठाचं नाव बदलल्याची बातमी आली. आवडाबाई हातात पेढ्यांचा पुडा आणि तिळगूळ दोन्ही घेऊन आल्या. बोलायला गेल्या आणि नुसत्याच रडल्या. द्वारकाबाईंनी आधी पेढा घेतला, मग तिळगूळ घेतला, आणि दोघी खिडकीशी उभ्या राहून खालची गर्दी बघत राहिल्या. त्या दिवशी मला कोणी पेटवलं नाही, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

पुढं वर्षं सरली. पाठीतली अर्धी माणसं येत गेली, पुरी होत गेली. बानाबाईची फिल्म तेवढी राहिली. आवडाबाई दर शनिवारी ती बघायच्या, "या बाईचं काय करावं," म्हणायच्या आणि परत खोचायच्या. मग आवडाबाई थकल्या, काम सोडून लेकीकडं राहायला गेल्या. जाताना मला पुसून म्हणाल्या, "तेवढी बानाबाई सांभाळ गं." मी सांभाळली. माझ्या हातात दुसरं होतं तरी काय?

द्वारकाबाईंचा मुलगा पुंडलिक डॉक्टर झाला. नाव आजोबांचं, कामं मात्र सगळी नव्या जमान्याची. त्यानं फिल्म बंद केल्या. आता तोंडात एक चपटी चकती धरायची किंवा सबंध जबड्याभोवती मशीन फिरवायचं, की चित्र थेट कॉम्प्युटरवर. धुणं नाही, वाळवणं नाही, चिमटा नाही. मला भिंतीवरून काढून कपाटावर ठेवलं गेलं. माझ्यावर जेवणाचे डबे आले, मग कॅलेंडरांची भेंडोळी आली, मग एक फुटका पंखा. शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर झालं, तेही मी पंख्याखालूनच ऐकलं. वाईट वाटलं का? वाटलं. मानी आहे म्हणाले ना मी. पण खाली दवाखाना भरलेला असायचा, पोरं रडायची, हसायची, द्वारकाबाई सत्तरीतही रोज येऊन बसायच्या. तो गलबला ऐकत पडून राहण्यातही एक सुख होतं.

आणि मग तो आला. पुंडलिक त्याला एआय म्हणतो. म्हणजे कॉम्प्युटरला दिलेली शिकवण. पुंडलिक त्याच्या आईला समजावत होता, तेव्हा मीही कान दिला. जगभरच्या दातांची लाखो चित्रं त्याला दाखवलेली. प्रत्येक चित्रावर कुणा ना कुणा डॉक्टरांनी खुणा केलेल्या, की ही कीड, हे हाड खाल्लेलं, हे ठीक आहे. तेवढं बघून बघून तो आता नवं चित्र समोर आलं की आपणच रंगीत चौकटी आखतो. लाल म्हणजे इथं बघा, गडबड आहे.

"हा कधी कंटाळत नाही, आई," पुंडलिक म्हणाला. "संध्याकाळच्या शेवटच्या पेशंटलाही सकाळच्या पहिल्यासारखंच बघतो."

"चुकतो का?"

"चुकतो. हा फक्त बोट दाखवतो. बघायचं आपणच."

"मग चालेल," द्वारकाबाई म्हणाल्या.

खरं सांगू? मला आधी त्याचा राग आला. मग विचार केला, ज्या फिल्म बघून कुठले कुठले डॉक्टर खुणा करायला शिकले, त्या माझ्यासारख्याच कुणाच्या तरी उजेडात अडकवल्या असतील. म्हणजे हा आमच्यातलाच निघाला, लांबचा भाचा म्हणा. राग गेला.

एके सकाळी पुंडलिकनं कपाट आवरायला काढलं. पंखा खाली आला, भेंडोळी खाली आली आणि मीही. आम्हाला दाराशी रांगेनं लावलं. भंगारवाला दुपारी येणार होता. मला माझी चिंता नव्हती असं नाही, पण माझ्या पाठीत बानाबाई होती. मी गेले असते तर तीही गेली असती, आणि मला काही बोलता येत नव्हतं.

आणि योग बघा, त्याच सकाळी बानाबाई दारात. साठी ओलांडलेली, केस पांढरे, सोबत काठी टेकत त्रिंबक. मुकुंदवाडीची खोली आता पक्कं घर झालं होतं, पण मागं शेरडं होतीच. दाव्याची गाठ दातानं सोडताना तिच्या पुढच्या दाताचा टवका उडाला होता.

"तेवढा टवका बसवून द्या," ती पुंडलिकला म्हणाली. "बाकीच्या दातांना हात लावायचं काम नाय. हरभरे फोडते मी अजून."

"मावशी, एकदा सगळ्या जबड्याचं चित्र काढू."

चित्र आलं. कॉम्प्युटरनं दोन लाल चौकटी आखल्या. एक डावीकडं, खालच्या दाताशी. दुसरी उजवीकडं, जुन्या चांदीच्या दाढेच्या मुळाशी.

पुंडलिकनं आईला हाक मारली. दोघांनी पडद्यावर वाकून पाहिलं. "डावीकडची चूक आहे," पुंडलिक म्हणाला. "तिथून नस बाहेर पडते. सगळ्यांच्याच जबड्याला ते भोक असतं. याला तो डाग वाटला."

"आणि उजवीकडची?"

पुंडलिकनं ती चौकट मोठी करून पाहिली. मुळाखाली काळी सावली होती, चांगली हरभऱ्याएवढी. द्वारकाबाईंनी बर्फानं गार केलेला कापसाचा बोळा आणला. डाव्या दाताला लावला तशी बानाबाई दचकली. उजव्या दाढेला लावला, दाबून धरला. काहीच नाही.

"बघा," बानाबाई खूश झाली. "डाव्याला झोंबलं. उजव्याला ढिम्म. म्हंजी उजवी दाढ लई निरोगी."

"अहो, तिला काही कळेनाच झालंय," द्वारकाबाई म्हणाल्या. "मेलेल्याला चिमटा काढला तर तो ओरडेल का? बानाबाई, ही दाढ आतून मेलीय आणि खाली हाड खात चाललीय. अशीच सोडली तर एखाद्या दिवशी हरभरा फोडताना जबडाच मोडेल. नाहीतर सूज उतरून गळ्यापर्यंत जाईल. रूट कॅनल केलं तर दाढही वाचेल, हाडही भरून येईल."

बानाबाईनं पदर सावरला. "जी दुखत नाय तिला कशाला टोकायचं? तिचा किडा पडलेला मी ह्या डोळ्यांनी पाह्यला हाय. आन तुमचा कांपुटर तर आत्ताच एक चुकला, तुमच्याच तोंडानं म्हणाले. दुसऱ्याचा काय भरवसा?"

"मावशी, चित्रात दिसतंय ना," पुंडलिक म्हणाला.

"लेकरा, चित्रात काय बी दिसतं. माझा नातू फोनमधी मला वाघाचं तोंड लावतो. मंग मी काय वाघीण झाले?"

"झाली काय, हायेसच," त्रिंबक हळूच म्हणाला.

पुंडलिकला हसू आलं, पण द्वारकाबाई हसल्या नाहीत. त्यांनी बानाबाईचा हात धरला. "तुम्ही डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मानणार नाही, हेच ना? मग डोळ्यांनीच दाखवते." आणि त्या वळल्या. "पुंडलिक, आपली उजेडपेटी कुठंय? आवडाबाई अर्धी माणसं तिच्या पाठीत ठेवायच्या. ही बाई अर्धी राहिली होती."

"आई, ती मी भंगारात..."

मित्रांनो, तेवढ्या वेळात माझ्या चोकची काय अवस्था झाली असेल ते विचारू नका. पण भंगारवाला यायला अजून वेळ होता. पुंडलिक धावत दाराशी आला आणि मला उचलून आत घेऊन गेला. पाठ उलटी केली. फटीत बोट घातलं. कडा पिवळ्या पडलेली एक बारकी फिल्म बाहेर आली, कोपऱ्यावर आवडाबाईंच्या अक्षरात नाव.

मला टेबलावर उभं केलं, वायर लावली, बटण दाबलं. मी पेटेना. नुसती फुरफुरले. इतक्या वर्षांनी तोंड उघडायचं आणि शब्द फुटू नये असं झालं. तेव्हा त्रिंबक काठी भिंतीला लावून पुढं आला. त्याचा हात माझ्या खालच्या कोपऱ्यावर गेला आणि खाचेवर थांबला.

"ही तर माझी हाय," तो म्हणाला. "बाना, अगं, मी घोंगडीत बांधून आणली होती ती." मग त्यानं माझा स्टार्टर जरा पिरगाळला, पुन्हा बसवला. मी एकदा लुकलुकले, दोनदा लुकलुकले, आणि घूं घूं करत पेटले. सगळी पाटी सारखी पांढरी. कुठं कमी नाही, कुठं जास्त नाही.

द्वारकाबाईंनी फिल्म अडकवली आणि बानाबाईला माझ्यापुढं उभं केलं. "ही तुमची दाढ, त्या वर्षीची. हा चांदी भरण्याआधीचा खड्डा. आणि हे खालचं हाड बघा. कसं आहे?"

बानाबाई वाकली. नाक टेकेल इतकी. "जाळीवाणी हाय. भरलेलं."

"काळं कुठं आहे का?"

"नाय."

मग पुंडलिकनं कॉम्प्युटर माझ्या शेजारी वळवला. तीच दाढ, तीच वाकडी मुळं, लाल चौकट. चौकटीत ती काळी सावली. बानाबाई एकदा माझ्याकडं बघायची, एकदा तिकडं. तिनं बोटानं गाल चाचपला, आत त्या दाढेवर जीभ फिरवलेली बाहेरूनही कळत होती.

"म्हंजी किडा पडलाच नव्हता," ती म्हणाली. "मुकाट बसला होता."

"असंच समजा," द्वारकाबाई म्हणाल्या.

"एवढी वर्षं मी भाकर खात होते आन त्यो मला खात होता." तिचे डोळे भरून आले. मग पदरानं पुसून ती खुर्चीवर जाऊन बसली आणि पुंडलिकला म्हणाली, "टवका राहू दे लेकरा. आधी ती दाढ बघ."

भंगारवाला दुपारी आला आणि फुटका पंखा तेवढा घेऊन गेला. बानाबाईची फिल्म द्वारकाबाईंनी पुन्हा माझ्या पाठीत खोचली, ती अजून पुरी कुठं झाली होती?

रूट कॅनलला काही फेऱ्या झाल्या आणि या वेळी बानाबाईनं एकही चुकवली नाही. वर्ष सरल्यावर पुन्हा चित्र काढलं. उजवीकडं लाल चौकट आली नाही. सावलीच्या जागी पुन्हा जाळीदार हाड भरून आलं होतं. डावीकडं चौकट मात्र होतीच.

"तिकडं अजून खोटंच बोलतंय," बानाबाई म्हणाली.

"मी त्याची चूक कळवलीय, मावशी. शिकेल हळूहळू."

"शिकू दे. मला कळायला तरी कुठं लवकर कळलं."

मग द्वारकाबाईंनी आवडाबाईंना फोन लावला आणि मोठ्यानं ऐकू येईल असा केला. "आवडाबाई, बानाबाई आली हो. पुरी झाली."

पलीकडून थकलेला पण ओळखीचा आवाज आला. "लई उशीर केला. पण आली ना? मग काढा तिची फिल्म पेटीच्या पाठीतून. द्या तिच्या हातात."

द्वारकाबाईंनी ती पिवळी फिल्म पाकिटात घातली आणि बानाबाईच्या हवाली केली. तिनं ती पिशवीत, भाकरीच्या फडक्याशेजारी जपून ठेवली.

आता मी पुन्हा भिंतीवर आहे, कॉम्प्युटरच्या शेजारी. लोक जुन्या फिल्म घेऊन येतात तेव्हा मी त्या दाखवते आणि नव्या चौकटी तो आखतो. आमचं बरं जमतं. आज काय आहे ते तो लगेच सांगतो, काल काय होतं ते माझ्याकडून कळतं आणि दोन्ही बघून काय करायचं ते माणसं ठरवतात. रोज सकाळी पुंडलिक माझं तोंड ओल्या फडक्यानं पुसतो. माझ्या पाठीतली फट रिकामी आहे आणि मला याहून जास्त काही नको.

तर मित्रांनो, तुमच्या तोंडातलं असो नाहीतर गावातलं, दुखायचं थांबलं एवढ्यावर बरं झालं असं समजू नका. आतून काय चाललंय ते एकदा कुणाला तरी उजेडात धरून बघायला सांगा. दुखत नसतानाही वर्षातून एकदा दात दाखवा. इलाज अर्धा सोडू नका, तुमच्यासाठी कुणीतरी आवडाबाई दर शनिवारी थांबलेली असते. आणि तुमच्या घरात माझ्यासारखं एखादं जुनं दाराशी काढून ठेवलं असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी, एवढंच करा, एकदा त्याची पाठ उलटून बघा.